टीम कशी पाडता, त्यावर सगळं आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा. गेली २२ वर्षं रोज सकाळी साडेसहाला पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो, फी घेत नाही, बॉल आणि कोन माझ्या गाडीच्या डिकीतच असतात. आधी स्वतः तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळायचो, गुडघा गेला तसं खेळणं सुटलं पण ग्राउंड काय सुटलं नाही. पत्र लिहायची सवय नाही त्यामुळं चुकलं माकलं सांभाळून घ्या, पण हे मनात लई दिवस साठलंय.

झालं असं की माझ्याकडं दोन पोरं आहेत, दोघं नववीत, एकाच वर्गातली. एक हाफला, म्हणजे मैदानाच्या मधे खेळतो आणि एक विंगला, म्हणजे कडेला. तीन वर्षं झाली, हाफवाल्याला बॉल मिळाला की तो न बघताच विंगला सोडतो, इतकी सवय एकमेकांची. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी बघतो तर विंगवाला मोकळा उभा आणि हा बॉल मागं गोलकीपरकडं देतोय. एकदा झालं, दोनदा झालं, मला वाटलं पायाला लागलंय. मग कळलं की कुणीतरी कसलातरी स्टेटस ठेवलेला, त्यावरून ग्रुपवर तुमचे आमचे सुरू झालं, आणि ही दोन पोरं वेगवेगळ्या धर्माची, एवढंच कारण. त्यांच्यात मारामारी नाही की शिवीगाळ नाही, नुसता पास बंद. मी त्या रात्री झोपलो नाही, खरं सांगतो. कारण २०२३ च्या जूनमध्ये असल्याच स्टेटसवरून आमच्या गावात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करायला लागलं, आणि त्या दिवशी रस्त्यावर उतरलेल्या गर्दीत मिसरूड न फुटलेली पोरं किती होती ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय.

आणि हे कुठल्या गावात, तर जिथं शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग काढलं, जिथल्या कितीतरी तालमींत गणपतीपण बसतो आणि मोहरमचा पंजापण बसतो. २०१८ पासून सलग तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आलेले, तेव्हा एकाच मांडवात दोन्ही होते, एका बाजूला आरती आणि एका बाजूला ऊद. बाहेरचे लोक फोटो काढायला यायचे, आम्हाला त्यात फोटो काढण्यासारखं काय आहे तेच कळायचं नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात तर फाळणीनंतर सादिक पंजाबीसारखे पाकिस्तानचे पैलवान येऊन लढलेत, आणि चांगला डाव टाकला की गाव त्यांनापण डोक्यावर घ्यायचं, माझे वडील सांगायचे.

आता मुद्द्यावर येतो. कुठं काय तणाव झाला की लगेच कुणीतरी म्हणतं, पोरांसाठी मॅचेस भरवा, खेळातून एकोपा होतो. ६ एप्रिलला संयुक्त राष्ट्रांचा खेळ आणि शांततेचा दिवस असतो, १८९६ ला अथेन्सचं पहिलं ऑलिम्पिक त्याच तारखेला सुरू झालेलं म्हणून ती तारीख घेतलीय. त्या दिवशीपण असलीच भाषणं होतात. मी आयुष्य खेळात घालवलंय आणि माझं मत सांगतो, नुसता खेळ ठेवला म्हणून एकोपा होत नाही. उलटंपण होतं. १९६९ ला एल साल्वाडोर आणि होंडुरास या दोन देशांत वर्ल्डकपच्या पात्रता मॅचेसनंतर खरोखरचं युद्ध पेटलं, कारणं जमिनीची आणि स्थलांतराची होती पण काडी पडली ती मॅचच्या वेळची. लांब कशाला, आमच्या शाहू स्टेडियमवर सीझनमध्ये दोन पेठांची मॅच असली की पोलीस बंदोबस्त बघा. खुन्नस इतकी की मॅच संपल्यावर गल्लीत राडा. माझ्या सख्ख्या पुतण्याच्या डोक्याला अशाच एका मॅचनंतर सात टाके पडलेत आणि दगड मारणारा पोरगा पण त्याच्याच वयाचा, त्याच्याच धर्माचा, त्याच्याच जातीचा होता, फक्त पेठ वेगळी. म्हणजे खेळ आपोआप काय करत नाही. टीम कशी पाडता त्यावर सगळं आहे.

हे मी हवेत बोलत नाही. आपल्याच राज्यात हे होऊन गेलंय. मुंबईत इंग्रजांच्या काळात क्रिकेटची मोठी स्पर्धा व्हायची, आधी युरोपियन आणि पारशी, मग १९०७ ला हिंदू आले, १९१२ ला मुस्लिम, आणि १९३७ पासून उरलेल्या सगळ्यांची पाचवी टीम, तिचं नावच 'द रेस्ट'. टीमच धर्मावर पाडलेल्या. क्रिकेट एक नंबर व्हायचं हो, आपल्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे ख्रिश्चन म्हणून 'द रेस्ट'कडून खेळायचे, त्यांनी हिंदूंच्या टीमविरुद्ध ३८७ मधल्या ३०९ रन एकट्यानं काढलेल्या. पण गांधीजींनी १९४० ला स्पष्ट सांगितलं की खेळात धर्माच्या टीम नकोत, आणि १९४६ ला ती स्पर्धा बंद झाली. खेळाडू चांगले होते, प्रेक्षक दर्दी होते, तरी वाटणीच चुकीची होती.

त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्टपण सांगायला पाहिजे. पळवणकर बाळू, दलित समाजातले, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर ग्राउंडचं काम करत करत बॉलिंग शिकले. हिंदूंच्या टीमला त्यांच्या बॉलिंगशिवाय जिंकता येईना म्हणून घेतलं, पण चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात आणि तोपण पॅव्हेलियनच्या बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरच्या वर विकेट काढल्या तरी कॅप्टन कधी केलं नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल १९२३ ला कॅप्टन झाले, तेपण आधी भांडायला लागलं, टीममधून बाहेर पडायला लागलं, तेव्हा. म्हणून सांगतो, एका टीममध्ये घेतलं म्हणजेसुद्धा काम झालं असं नाही, चहा कुठं पितात तेपण बघावं लागतं.

आणि आता आपण परत तेच करतोय. गावोगावी समाजाच्या नावानं प्रीमियर लीग चालू झाल्यात, अमुक समाज चषक, तमुक समाज लीग, ऑनलाइन लाइव्ह, डीजे, बक्षिसाला बाईक. भरवणारी पोरं वाईट नाहीत, आपल्या माणसांनी एकत्र यावं असं त्यांना मनापासून वाटतं, मला माहितीय. पण दहा वर्षांचं पोरगं जेव्हा पहिल्यांदा रंगीत जर्सी घालतं आणि तिच्यावर छातीवर जातीचं नाव असतं तेव्हा ते काय शिकतं? मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो.

आपल्याकडं टीम पाडायची जुनी पद्धत आठवा. दोन कॅप्टन बाजूला उभे राहायचे. बाकीची पोरं दोघं दोघं जोडीनं लांब जायची, जोडी कशी, तर दोघं साधारण सारख्या ताकदीचे, आणि कानात नावं ठरवून यायची. मग विचारायचं, आंबा पाहिजे का चिंच? कॅप्टननं आंबा म्हटलं की आंबा त्याचा, चिंच दुसऱ्याची. कोण कुणाच्या वाटणीला जाईल कुणालाच माहीत नाही. सख्खे भाऊ समोरासमोर यायचे, शेजारचा ज्याच्याशी काल भांडण झालं तो आपल्या टीममध्ये यायचा, आणि अर्ध्या तासात त्याच्यासाठी आपण घसा फोडून ओरडायचो. ही पद्धत कुणी पुस्तक वाचून काढलेली नाही पण यापेक्षा शहाणी पद्धत मी तरी बघितली नाही. आम्ही मोठ्यांनी ती मोडली, खेळाडूंचं ऑक्शन आणलं, टी-शर्ट आणले, स्पॉन्सर आणले.

परदेशातपण जिथं खेळातून खरं काम झालं तिथं वाटणीचाच विचार आधी केलाय. कोलंबियातलं मेडेलिन शहर, अमली पदार्थांच्या टोळ्यांचं. १९९४ च्या वर्ल्डकपमध्ये तिथल्याच आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून स्वतःच्याच टीमवर गोल झाला आणि परत गेल्यावर दहा दिवसांच्या आत त्याला त्याच्याच गावात गोळ्या घातल्या. एवढं होऊन तिथल्या काही लोकांनी १९९६ ला फुटबॉलच हातात घेतला. पोरं पोरी एकाच टीममध्ये. पहिला गोल पोरीनंच मारायचा, त्याशिवाय पोरांचे गोल धरायचे नाहीत. पंच नाही. मॅचच्या आधी दोन्ही टीम रिंगण करून बसणार, नियम स्वतः ठरवणार, मग मॅच, आणि मॅचनंतर परत बसायचं, कोण नीट खेळलं कोण नाही ते बोलायचं आणि त्याचे पण पॉइंट गोलांच्या पॉइंटात धरायचे. म्हणजे तीन भागांची मॅच. आज जगात बऱ्याच देशांत ही पद्धत चालते. आपल्या नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ ला झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला, त्या कामाला २०१६ ला फिफाचा पुरस्कार मिळाला, ते तरी आपल्या लोकांना माहीत पाहिजे. मुंबईत ९२-९३ च्या दंगलींनंतर ज्युलिओ रिबेरो, सतीश सहानी हे पोलीस अधिकारी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिट्या, म्हणजे गल्लीतल्या दोन्ही धर्मांच्या लोकांच्या कमिट्या उभ्या केल्या, त्यांनीपण शांततेसाठी क्रिकेट ठेवलं ते मिसळलेल्या टीम करून. आणि मॅच तर वर्षातून एकदा, बाकी वर्षभर कमिटीची माणसं गल्लीत एकमेकांकडं जात येत होती, ते विसरू नका. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी ८८ पासून हेच गल्लीतलं काम केलेलं, म्हणून मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. एक दिवस मॅच घेऊन, टोप्या वाटून, पुढाऱ्यांच्या हस्ते कप देऊन घरी गेलं तर दुसऱ्या दिवशी काय राहतं?

आता माझ्या त्या दोन पोरांचं सांगतो. मी कुणाला लेक्चर दिलं नाही, दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी दोघं आली नसती. दुसऱ्या दिवशी आंबा चिंच सुरू केलं. आणि ती तीन भागांची मॅच पण ठेवली. शेजारच्या गल्लीतल्या सहा पोरी येतात आता, पहिला गोल त्यांचा. पहिले चार दिवस नुसता गोंधळ, पोरं म्हणाली सर पंच नसेल तर फाउल कोण देणार? म्हटलं तुम्ही. एक जण रागानं बॉल घेऊन निघून गेला (दुसऱ्या दिवशी आणून दिला). फाउलवरून भांडणं झाली, पण ती भांडणं फाउलचीच होती, त्यात कुणी तुमचे आमचे काढलं नाही. सगळ्यात मोठा फरक पास देण्यात पडला, कारण पोरीला बॉल दिल्याशिवाय गोल सुरूच होत नाही म्हटल्यावर जे पोरगं सहा जणांना ड्रिबल मारत सुटायचं ते मान वर करून बघायला लागलं.

ते दोघं? पहिले दोन आठवडे वेगवेगळ्या टीममध्ये आले. मग एक दिवस दोघं एका टीममध्ये पडले. मॅचमध्ये विशेष काय झालं नाही, एकदा पास दिला, तोपण वाईट दिला. पण मॅचनंतर रिंगण करून बसलो तेव्हा विंगवाला म्हणाला, हा मला बघून न बघितल्यासारखं करतो, हा फाउल धरायचा का नाही? सगळी पोरं गप्प. हाफवाला खाली बघत होता. मग म्हणाला, धरा. त्याच्या टीमचा एक पॉइंट गेला. मी काय बोललो नाही, मला बोलताच आलं नसतं.

सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या घरात काय बोललं जातं, मोबाईलवर रात्री काय येतं, त्यावर माझा काय ताबा नाही. पण आठवड्यातले सहा दिवस एक तास माझ्याकडं आहे आणि तो तास मी वाया घालवणार नाही.

तुमच्या पेपरमार्फत मला दोन तीन जणांना सांगायचंय. तालमी आणि मंडळांच्या कारभाऱ्यांनो, सीनियर टीम तुमच्या तुमच्या ठेवा, पेठेचा अभिमान मलापण आहे, तो सुटणार नाही आणि सुटू पण नये. पण चौदा वर्षांखालच्या पोरांची वर्षातून एक स्पर्धा अशी घ्या की प्रत्येक टीममध्ये निदान चार पेठांची पोरं असली पाहिजेत, चिठ्ठ्या टाकून. मग त्याच पोरांचे आईबाप बघायला येतील आणि कुणाला ओरडायचं ते त्यांनाच कळणार नाही, ते मला बघायचंय. शाळांच्या पी.टी.च्या सरांनी आणि मॅडमनी मॅचनंतरची दहा मिनिटं बसायची तेवढी धरावी, त्याला एक पैसा लागत नाही. आणि संपादक साहेब, राग मानू नका, पण तुमच्या क्रीडा पानावर पेठांच्या मॅचची बातमी येते तिच्यात धूळ चारली, बदला घेतला, नाक कापलं असले शब्द असतात, ती कात्रणं पोरं स्टेटसला लावतात आणि तिथनं पुढं सुरू होतं. गोल कसा झाला ते लिहा की, कोल्हापूरचा माणूस गोलाचं वर्णन दोन वेळा वाचतो.

मे महिन्याच्या सुट्टीत मी ही तीन भागांची मॅच रोज घेणार आहे. कुठल्याही पेठेतलं, कुठल्याही शाळेतलं पोरगं पोरगी चालेल, बूट नसले तरी चालतील. मोठी माणसं बघायला आली तर बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत एवढीच अट. सकाळी साडेसहा, उशिरा आलेल्याला जोडी मिळत नाही.

आपला,
एक जुना खेळाडू, कोल्हापूर