मंडळाची खोली वर्षभर उघडी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२५मध्ये स्वारगेट स्थानकातल्या शिवशाही बसमधली तरुणीवरील बलात्काराची घटना उघड झाली, तेव्हा पुढचे कितीतरी दिवस सीसीटीव्ही आणि सुरक्षारक्षक यांचीच चर्चा होती. ती व्हायलाच हवी होती. पण जून २०२३मध्ये सदाशिव पेठेत भरदिवसा तरुणीवर कोयता उगारणारा विशीतला होता आणि जिवावर उदार होऊन तिला वाचवणारी मुलेही तरुणच होती. त्यांचे कौतुक झाले, ते रास्तच. कोयता हातात येण्याआधी त्या दुसऱ्या मुलाशी कोणी बोलत होते का, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

मी निवृत्त शिक्षिका, पर्वती पायथ्याला राहते. आम्हा ज्येष्ठांना विरंगुळा केंद्र आहे (तिथे पेपर आधी कोणी वाचायचा यावरून होणाऱ्या भांडणांवर वेगळे पत्र लिहीन). पंधरा-सोळाच्या मुलांना कोपऱ्यावर लावलेल्या गाड्यांखेरीज बसायला जागा नाही. मुलींना तीही नाही.

आमच्या भागातल्या एका गणेश मंडळाने देखाव्याचे सामान ठेवायची खोली संध्याकाळी उघडायला सुरुवात केली. प्लायवूडचे खांब माळ्यावर गेले, कॅरम आला, अभ्यासाला दोन टेबले आली. शनिवारी एका संस्थेची समुपदेशक ताई येते. पहिल्यांदा मुले आली ती कॅरमसाठीच. शाळा सोडलेला एक मुलगा सोंगटीवर नेम धरता धरता तिला म्हणाला, ‘ताई, तिने ब्लॉक केलं. आता मी गप्प बसलो तर पोरं काय म्हणतील?’ त्याला मुलीच्या नकारापेक्षा पोरांच्या हसण्याची धास्ती जास्त होती! इतकी वर्षे शिकवले, पण वर्गात असे कोणी बोलले नाही. ताईने त्याला उपदेश केला नाही. कोणती पोरे, ती नक्की काय म्हणतील, एवढेच विचारत राहिली. पुढच्या शनिवारी तो त्यातल्या दोघांना घेऊन आला.

शाळांमध्ये १० मार्च २०२२च्या शासन निर्णयाने मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आल्या. चांगलेच झाले. पण नववीत शाळा सुटलेला मुलगा किंवा आईबरोबर धुण्याभांड्याला जाणारी त्याची बहीण कोणत्या समितीकडे जाणार? ती मुले मंडळात मात्र असतात. वर्गणीला, ढोल-ताशा पथकाच्या सरावाला, मांडवाच्या कामाला तीच तर असतात.

मंडळांचे नाव काढले की बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यांचे चुकत नाही. मुलींच्या सुरक्षेच्या नावाखाली ‘ही कोणाबरोबर फिरते’ याची पाळत सुरू व्हायला वेळ लागत नाही. दुसरे म्हणजे मिटवामिटवी. वस्तीत काही घडले की भाऊंच्या ऑफिसात दोन्ही घरांना बोलावतात, चहा होतो, आणि मुलीची आई मान खाली घालून घरी जाते. पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे तडजोड करण्याचा अधिकार भाऊंना नाही आणि मंडळाच्या अध्यक्षालाही नाही. म्हणून खोली चालवणाऱ्यांत निम्म्या बायका हव्यात, प्रशिक्षित समुपदेशक हवी, आणि १०९८ (मुलांसाठी), १८१ (महिलांसाठी), ११२ (तातडीच्या मदतीसाठी) हे क्रमांक आरतीच्या फलकाएवढ्याच मोठ्या अक्षरांत भिंतीवर हवेत.

समुपदेशक आणायच्या कुठून? पुण्यात तरी हा प्रश्न पडू नये. नारी समता मंचासारख्या संस्थेने स्त्रियांबरोबर पुरुषांसाठीही संवाद केंद्र चालवले आहे. महिला-मुलांच्या मदतीसाठी पोलिसांचा भरोसा सेल आहे. माणसे आहेत, त्यांना संध्याकाळी वस्तीत बसायला जागा आणि थोडे मानधन हवे.

आपल्याकडे मंडळे ‘लेक वाचवा’वर जिवंत देखावे करतात, दहा दिवस रांगा लागतात आणि अकराव्या दिवशी सगळे गुंडाळून माळ्यावर जाते. गणेशोत्सवाच्या स्पर्धांमध्ये देखाव्याला, मिरवणुकीला बक्षिसे असतात. अशी खोली वर्षभर चालवणाऱ्या मंडळालाही संयोजकांनी गुण द्यावेत.

आणि महापालिकेला एक विनंती. आमच्याजवळचे समाजमंदिर लग्न-बारसे आणि वाढदिवस सोडले तर कुलूपबंदच असते. ते संध्याकाळी दोन तास मुलांना मिळावे. तेवढे जमेपर्यंत निदान किल्ली कोणाकडे मागायची, हे तरी दारावर लिहावे.

– एक निवृत्त शिक्षिका, पर्वती पायथा, पुणे