सूचना : क्रूझवरच्या फॉर्मल रात्रीचे कपडे

सिंगापूर क्रूझला येणाऱ्या सर्व सभासदांसाठी.

"सूट शिवायलाच हवा का?" असे फोन येत आहेत. नको. फॉर्मल रात्र म्हणजे जहाजाच्या मुख्य डायनिंग हॉलमध्ये नीटनेटक्या पोशाखात जेवण, फोटो आणि थोडं मिरवणं. चार-पाच दिवसांच्या क्रूझमध्ये ती बहुधा एकदाच असते. पुरुषांना जोधपुरी कोट उत्तम. सलवार-कुर्त्यावर नेहरू जाकीटही शोभतं. लग्नातला कोट असेल तर सांगलीच्या कापडपेठेत नवा खर्च नको. (बसतो का, ते आजच घालून बघा!) हाफ पँट, बिनबाह्यांचे टी-शर्ट आणि रबरी चपला मात्र त्या हॉलमध्ये चालत नाहीत.

महिलांनी पैठणी न्यायला हरकत नाही, पण माझं मत विचाराल तर इरकल किंवा हलकं सिल्क बरं. जहाज हलतं, जिने असतात. उंच टाचा आणि भरजरी पदर एकदम सांभाळणं अवघड. आगीच्या धोक्यामुळे खोलीत स्वतःची इस्त्री वापरू देत नाहीत, सामानात सापडली तर काढून घेतात. त्यामुळे चुरगळणारं सुती टाळा. एसी कडक असतो, शाल ठेवा. दागिने मोजकेच.

मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात, खोलीत पोचायला संध्याकाळ होऊ शकते. औषधं आणि पहिल्या रात्रीचा एक जोड हातातल्या पिशवीत असू द्या.

ज्यांना नटायचंच नाही त्यांनी खुशाल बुफेत जेवावं, तिथे साधे कपडे चालतात. तसं असेल तर रविवारपर्यंत कळवा, म्हणजे टेबलं त्या हिशेबाने मागता येतील.