गुरुजी मिळाले नाहीत म्हणून धर्म बुडत नाही रे

प्रिय पम्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. काकांच्या वर्षश्राद्धाला गावात गुरुजीच नाहीत, तालुक्याहून जे आले ते मोबाईल कानाला लावून अर्ध्या तासात आटपून पुढच्या घरी पळाले, तुझा संताप अगदी समजतो.

पण धर्मच संपत चाललाय म्हणालास ते नाही पटलं. भटजींचा शब्द पूर्वी घरात चालायचा तो काय नुसत्या श्रद्धेवर का? ग्रामजोशाचं वतन असायचं, लग्नाला बोलवा नाहीतर नका बोलवू, दक्षिणा त्याच्या हक्काची. जोतीरावांनी १८७३ ला सत्यशोधक समाज काढला, लोक भटाशिवाय लग्नं लावायला लागले, तर जुन्नरजवळच्या ओतूरला जोशी मंडळींनी चक्क दावा ठोकला आणि भांडण पार हायकोर्टात गेलं! हा हक्क मोडायला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांचं बिल यावं लागलं, कायदा झाला १९२६ ला. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे, म्हणजे देवळातल्या पिढीजात पुजाऱ्यांचे, हक्क काढणारा कायदा १९७३ चा, ते कोर्टात लढत राहिले, सुप्रीम कोर्टाचा शेवटचा निकाल २०१४ ला. म्हणून वारी थांबली का? विठोबाला काय फरक पडला सांग.

एक मात्र खरंच गेलं आणि त्याचं मलाही फार वाईट वाटतं. आपल्या म्हाताऱ्या गुरुजींना प्रत्येक घरातल्या तीन पिढ्यांची नावं तोंडपाठ असायची, तिथी जवळ आली की स्वतः येऊन आठवण करायचे. ते आता ॲपवर बुक केलेला माणूस नाही करणार.

आईच्या श्राद्धाच्या वेळी आम्ही पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी संस्थेच्या पद्धतीने केलं. पुरोहित म्हणून बाई आल्या, सगळ्यांच्या हातात पोथी दिली, मंत्र सगळ्यांनी मिळून म्हणायचे आणि खाली मराठीत अर्थ. बाबा चष्मा पुसत पुसत अर्थ वाचत होते, मध्येच थांबले, मग धाकटीने पुढचं वाचलं. इतकी वर्षं श्राद्ध केलं पण आपण काय म्हणतोय ते आज कळलं, असं बाबा रात्री जेवताना म्हणाले.

तर पुढच्या वर्षी तूच कर. पोथी मी पाठवतो. काकूंकडून आजोबा-पणजोबांची नावं आत्ताच वहीत उतरवून घे, नंतर सांगणारं कोणी राहत नाही. आणि ताईला पाटावर बसव, काका आजारी असताना सगळं तिने केलंय, नातेवाईक काय म्हणायचं ते म्हणू देत, मी येतो सोबतीला.

तुझा,
विन्या