चिऊ, अजून एक वर्ष थांबायचं असेल तर

प्रिय चिऊ,

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, बाबा अजून एक वर्ष इथेच थांबू का, आणि मी नेटवर्क जातंय म्हणून फोन ठेवला. नेटवर्क काही गेलं नव्हतं. तुझ्या आईने माझ्याकडे असं बघितलं की म्हटलं आता बोलण्यापेक्षा लिहूनच पाठवू. दोन दिवस टाइप करतोय, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घे, मास्तर असलो तरी मोबाईलवर माझं काही चालत नाही.

राग नोकरीचा नाहीये. हिंजवडीचा जॉब सोडून कंबोडियाला गावच्या शाळेत शिकवायला निघालीस तेव्हा होता, खोटं कशाला बोलू, पॅकेज, पीएफ, लग्न सगळं डोक्यात फिरायचं. आता निवलाय. मावशी अजून विचारते पगार किती, आई म्हणते राहणं-जेवण भागतं, आणि लगेच चहा टाकायला उठते.

उलट तुझ्यामुळे मलाच नाद लागलाय. तू वर्गातल्या फळ्याचा फोटो पाठवलास आणि खाली लिहून समजावलंस की ख्मेर, म्हणजे तिथल्या भाषेतल्या मुळाक्षरांचा क्रम आपलाच आहे, क ख ग घ ङ, फक्त ग-घ म्हणताना परत क-खच ऐकू येतात, तर तो फोटो मी चावडीजवळ चार जणांना दाखवला. शाळेला साला म्हणतात, गुरूला क्रू. आणि ते आकडे, प्राम म्हणजे पाच आणि सहा म्हणजे प्राम-मुय, पाच आणि एक! इथे पस्तीस वर्षं पहिलीला हाताची बोटं मोजून शिकवलं, आणि त्यांच्या भाषेतच बोटं मोजलेली आहेत. भाद्रपदातल्या त्या पच्युम बेनचं सांगितलंस, पंधरा दिवस पितरांना भाताचे गोळे, त्यातला बेन म्हणजे आपला पिंडच, तेव्हा आई म्हणाली मग लेक फार लांब नाही गेली.

पण एका गोष्टीने झोप उडवली. राजधानीतल्या, नोम पेन्हच्या त्या म्युझियमचं तू सांगितलंस, तुओल स्लेंग. 1975 ला ख्मेर रूज, तिथले कट्टर कम्युनिस्ट, सत्तेवर आले, शाळा बंद केल्या, शिकलेली माणसं वेचून मारली, आणि एका हायस्कूलचाच तुरुंग केला. वर्गाच्या खोल्यांत विटांच्या कोठड्या. 1979 ला ते राज्य गेलं तेव्हा शिकवायला शिक्षकच फारसे उरले नव्हते, जे थोडं लिहितावाचता येणारे होते त्यांनाच उभं केलं. म्हणजे तुझ्या शाळेतल्या वयस्कर क्रू बाई कोणाकडून शिकल्या असतील बघ. त्यांचं अक्षर वाईट आहे, पाठांतरच करून घेतात असं तू हसत सांगितलंस ना, ते मला लागलं.

आता मुद्द्याचं. जतकडच्या शाळेवर होतो तेव्हा शहरातनं एका संस्थेची चार पोरं महिनाभर आली होती. मनापासून शिकवायची, इंग्लिश गाणी, कागदाचे मुखवटे, वर्गातली पोरं नुसती वेडी झाली. महिना संपला, फोटो काढले, गेली. तिसरीतला एक पोरगा, आईबाप ऊसतोडीला गेलेले, आजीकडे राहायचा, तो पुढे कितीतरी सोमवार शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर बसून जीपची वाट बघायचा. मी हाक मारली तरी उतरायचा नाही. नंतर नवीन मॅडम आल्या तर त्यांच्याशी बोलायलाच तयार नाही, म्हणला ह्या पण जाणार. तुझ्याकडची पोरं तशीच, आईबाप थायलंडला मजुरीला, घरी आजी. मला भीती त्याची वाटते. तिथल्या त्या अनाथाश्रमांचंही तूच सांगितलंस, पाहुणे येतात, लळा लावतात, डोनेशन देतात, आणि बहुतेक मुलांचे आई किंवा बाप जिवंतच असतात.

म्हणून मला पगार नको सांगू, एवढंच सांग. वर्गात खडू कोणाच्या हातात असतो, तुझ्या का त्या क्रू बाईंच्या? तू तापाने आठ दिवस पडलीस (डेंग्यू होता हे आईला अजून माहीत नाही, तेव्हा हे पत्र तिला वाचून दाखवताना मी तेवढं गाळणार) तेव्हा वाचनाचे गट चालले का बंद पडले? मुंबईत प्रथम संस्थेने वस्तीतल्याच मुलींना बालसखी, म्हणजे मागे पडलेल्या पोरांना शिकवणारी ताई केलं, म्हणून त्या मुली तिथेच राहिल्या, उद्या रस्त्यात पोराला भेटल्या तर विचारतील वाचलंस का. तिथेही गावातली दहावी-बारावी झालेली एखादी पोरगी असेलच की. वर्ष तिच्यासाठी थांबत असशील तर थांब. पोरं पायाला मिठी मारतात म्हणून थांबत असशील तर ये निघून, मिठी मला पण कळते गं.

आणि टुरिस्ट व्हिसावर शिकवत असाल तर आधी ते नीट करून घ्या, संस्थेला स्पष्ट विचार, लाजू नको. मेतकूट, गोडा मसाला पाठवतोय, त्या प्राहोकच्या वासावर उपाय म्हणून. आंबवलेल्या माशाच्या त्या प्रकरणाचा वास मला फोटोतनंच येतो.

मी पासपोर्टला अर्ज केलाय. एप्रिलमध्ये त्यांचा नव्या वर्षाचा सण असतो तेव्हा यायचं बघतोय, आई पण. जन्मतारीख 1 जूनच टाकली, गुरुजींनी लिहिलेली, खरी कोणाला माहितीये. तोपर्यंत ते आकडे दहापर्यंत पाठ होतील, आत्ता प्राम-बेयवर, आठवर अडकलोय.

बाबा