पट्टीच्या त्या कोपऱ्यासाठी आभार, काका

काका,

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहून टाकते. चेन कव्हर बसून बरेच दिवस झाले, तरी सायकलवर टांग टाकताना अजून मन भरून येतं. कव्हर फ्रेमला धरून ठेवणाऱ्या दोन इवल्याशा पट्ट्यांचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. ज्याची पॅन्ट चालत्या चेनमध्ये ओढली गेलीय आणि भर रहदारीत पेडल अडकून बसलंय, तो नाही म्हणणार.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेले त्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि तो मी लपवणारही नाही. एकानं सायकलकडे न बघताच सांगितलं, पॅन्ट दुमडून चालवा. दुसऱ्यानं तयार कव्हर तारेनं आवळून दिलं. जरा खड्डा आला की ते चेनला घासायचं आणि खरखर करत राहायचं. तिसरा तर थेट फ्रेमच्या नळीला भोक पाडायला निघाला होता. पातळ, पोकळ नळी, सगळा भार तिच्यावर, आणि तिला भोक! खरं तर कव्हर चांगलं होतं, सायकलही चांगली होती. दोघांना जोडणारा तुकडा तेवढा माझ्या फ्रेमच्या मापाचा मिळत नव्हता. तो बनवायचा कंटाळा, एवढंच कारण होतं. पण बोलणं असं, जणू मीच काहीतरी भलतं मागतेय.

तुम्ही आलात ते पुठ्ठा आणि कात्री घेऊन. धातूला हात लावण्याआधी पेडल फिरवून चेन नुसती बघत बसलात. मग चेन मधोमध दाबून दाखवलीत: इथे साधारण 12 मिलिमीटर खेळ असायलाच हवा, आणि कव्हरनं तेवढी जागा सोडायलाच हवी. पट्टीला गोल भोकाऐवजी लांबट खाच का, ते मला तेव्हा कळलं. पुढे कव्हर थोडं वरखाली करायची वेळ आली तर नवी पट्टी करायला नको.

सगळी कृती इथे लिहीत नाही. पण ॲल्युमिनियमच्या पट्टीवर वाकवायची रेघ तुम्ही टोच्यानं न मारता पेन्सिलनं मारलीत, ते विसरत नाही. वाकवताना ओरखड्यातूनच तडा जातो, म्हणालात. आणि काटकोनात एकदम न मोडता गोल सळईवरून हळूहळू वळवलीत. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातलात, त्यामुळे नळीचा रंगही वाचला आणि खडखडही गेली. नट नायलॉनच्या कड्याचे घेतलेत, हादऱ्यांनी ढिले पडू नयेत म्हणून.

मात्र हे पत्र त्यानंतरच्या गोष्टीसाठी आहे.

कव्हर बसलं, पेडल फिरवलं, कुठे घासलं नाही. माझ्या लेखी काम झालं होतं. तुम्ही मात्र जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "बस सीटवर. पाय ठेव पेडलवर. आता सावकाश फिरव." माझी टाच मागच्या पट्टीजवळून जाताना तुम्ही थांबवलंत. टाच आणि पट्टीचा कोपरा यांत बोटभर अंतर होतं. मी म्हटलं, लागत नाहीये की. "आज नाही लागत. पावसात पाय घसरला की लागेल."

आणि तुम्ही घट्ट बसवलेले नट पुन्हा सोडवलेत. पट्टी काढलीत, कोपरा कानशीनं गोल केलात, वर बारीक पॉलिश पेपर मारलात. कडेवरून अंगठा फिरवलात आणि मान हलवलीत. "माझी कातडी जाड झालीय, हिला कळायचं नाही." मग मनगटाची आतली बाजू त्या कडेवरून फिरवलीत. पुन्हा थोडं घासलंत, पुन्हा मनगट. शेवटी पट्टी माझ्या हातात देऊन म्हणालात, तू बघ.

काका, तो कोपरा तसाच राहिला असता तर मला कधी कळलंही नसतं. कुणी विचारलं नसतं, तुम्हाला कुणी बोल लावला नसता. माझ्या पायाचा इतका विचार माझ्या सायकलला हात लावणाऱ्या कुणीच केला नव्हता. ज्यांचा तो धंदा आहे त्यांनीसुद्धा नाही. काम उरकणारे पुष्कळ भेटतात. ती वस्तू वापरणाऱ्याच्या अंगाला कुठे लागेल हे शोधत बसणारा माणूस भेटला की जगावरचा विश्वास परत येतो. हे मी भारावून लिहीत नाहीये. गेले कित्येक दिवस हेच डोक्यात घोळतंय.

कव्हर अजून जागचं हललेलं नाही. भर पावसातही सायकल काढली, पॅन्टच्या कडेला काळा डाग नाही.

आता एक विचारायचं आहे. माझ्या ओळखीच्या एकीकडे अशीच सायकल आहे, आणि तिलाही सगळीकडून हेच ऐकावं लागतंय. पुठ्ठ्याचा साचा मी जपून ठेवलाय. तिची नळी किंचित जाड दिसते, त्यामुळे क्लॅम्प वेगळा लागेल असं वाटतं. पट्टी कापून कडा घासायचं काम मी करीन. वाकवताना तेवढे तुम्ही शेजारी उभे राहाल का?

तुमची,
वरच्या मजल्यावरची सायकलवाली