टॅग उडवले, डिस्क तशीच

फोंडा, गोवा
श्रावणातला रविवार

प्रिय बंड्या,

स्वतःची इमेज रजिस्ट्री, म्हणजे डॉकरच्या कंटेनरांसाठी तयार इमेज साठवायचं कोठार, चालवावी का, हे तू विचारलंस आणि तेवढ्यात फोन तुटला. इथे पाऊस आला की वीज जाते, तिच्यामागून रेंजही. म्हणून लिहितोय.

आमच्यावर ती वेळच आली. नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हब या सार्वजनिक रजिस्ट्रीने लॉगिन न करणाऱ्यांना सहा तासांत १०० 'पुल'ची, म्हणजे इमेज उतरवून घेण्याची, मर्यादा घातली, आणि पणजीत पाटोवरच्या आमच्या ऑफिसात सगळे एकाच आयपीमागे, म्हणजे मर्यादा सगळ्यांत मिळून! मग एका जुन्या पीसीवर ५००० पोर्टला रजिस्ट्रीचा कंटेनर उभा केला. अर्ध्या तासाचं काम. शेजारच्या लॅपटॉपवरून इमेज पुश केली, म्हणजे वर चढवली, तर नकार. लोकलहोस्टला सूट आहे, बाकीच्यांना एचटीटीपीएस हवं. डॉकरच्या 'इनसिक्युअर रजिस्ट्रीज' या सूट-यादीत पत्ता टाकून वेळ मारून नेऊ नकोस. डीएनएस चॅलेंजने, म्हणजे डोमेन आपलंच आहे हे डीएनएसमधल्या नोंदीने दाखवून, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट मिळतं, सर्व्हर बाहेर उघडा करावा लागत नाही. लॉगिनची पासवर्ड फाइल मात्र बीक्रिप्ट पद्धतीने हॅश केलेलीच लागते.

खरी फजिती गेल्या चतुर्थीला झाली. मी स्टुलावर चढून गणपतीवरच्या माटोळीला, म्हणजे फळापानांच्या चौकटीला, कांगलां बांधतोय, आई खालून आंबाडे देतेय, आणि फोन: डिस्क भरली, पुश होत नाही. तसाच लॅपटॉप उघडला. डिलीट करायची मुभा मुळात बंद असते. ती चालू करून जुने टॅग, म्हणजे इमेजच्या आवृत्त्यांची नावं, उडवले. जागा तसूभर सुटली नाही! मॅनिफेस्ट, म्हणजे इमेजमध्ये काय काय आहे त्याची यादी, जातो; इमेजचे थर, म्हणजे लेअर, डिस्कवरच राहतात, कारण तोच लेअर दुसरी इमेजही वापरत असेल. कोणीच वापरत नसलेले लेअर काढायला 'गार्बेज कलेक्ट' ही कमांड वेगळी चालवावी लागते.

चालवलं. पण तोवर पुश बंद राहावं म्हणून रजिस्ट्री रीड-ओन्ली करायला विसरलो, आणि त्याच वेळी ऑफिसातल्या एकाने पुश केलं. त्याचे ताजे लेअर कचऱ्याबरोबर गेले. पुन्हा पुश करायला सांगितलं, तर रजिस्ट्री म्हणते, लेअर आधीच आहे! कॅशमधली जुनी आठवण ती. रीस्टार्ट केल्यावर भानावर आली. माटोळी अर्थात आईने पुरी केली, टोमण्यांसकट.

हार्बर ही मोठी रजिस्ट्री घेतलीस तर ही साफसफाई पडद्यावरून होते, इमेजमधल्या सुरक्षेच्या त्रुटींचं स्कॅनिंगही मिळतं. पण तुम्ही चौघेच, तुम्हाला ते जड होईल. साधी रजिस्ट्री घे, आणि डिस्क वाटते त्याच्या दुप्पट.

चतुर्थीला ये. यंदा आदल्या रात्रीच रीड-ओन्ली करून ठेवणार आहे.

तुझाच,
भाई