धापेवाड्याला जाताना तिथी पाहा, चाकाखालची मातीही पाहा

महोदय,

आषाढी जवळ आली की नागपुरात धापेवाड्याच्या विठ्ठल मंदिराच्या जत्रेचे बेत ठरू लागतात आणि पुष्कळांचा दिवस चुकतो. एकादशीलाही तिथे गर्दी असतेच. पण मुख्य जत्रा गुरुपौर्णिमा उलटल्यावर, आषाढ वद्य प्रतिपदेला. पौर्णिमेला पंढरपुरात गोपाळकाला होऊन वारी संपते. मग विठोबा संत कोलबास्वामींच्या या गावी येतो, अशी इथली श्रद्धा. एकादशीपासून पाच दिवस बोटांवर मोजू नयेत, तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. कॅलेंडरात प्रतिपदा पाहूनच निघावे.

रस्ता कळमेश्वरवरून. शक्यतो एसटीनेच जावे, कारण खरी अडचण गाडी उभी करण्याची. आजूबाजूला सगळी काळी माती. सकाळी कोरडे दिसणारे वावर दोन सरींनंतर चिखल होते. हा चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये गच्च बसतो, मग चाक फिरतच नाही. रेस दिली की गाडी आणखी रुतते. अशा वेळी काडीने माती खरवडून काढावी, मगच गाडी ढकलावी. दुचाकीच्या स्टँडखाली चपटा दगड ठेवावा, नाहीतर परत येईस्तोवर गाडी आडवी झालेली असते. गाडी मुरमावर, तोंड रस्त्याकडे करून लावलेली बरी.

गावात दिंडी दिसली की कडेला थांबावे. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मध्ये मृदंग. फोटोसाठी त्या रांगांमध्ये घुसले की पावली, म्हणजे तालावरची पावले, मोडते. इथली चंद्रभागा एरवी लहानशी दिसते, पण वर पाऊस झाला की पाणी पटकन चढते. ओल्या दगडांवर शेवाळ असते. पाय धुवायचेच असतील तर काठावर बसून तांब्याने धुवावेत. मुरमुरे-फुटाण्यांची पन्नी नदीत टाकू नये, हे दरवर्षी सांगावे लागते, याची खरे तर लाज वाटायला हवी.

जवळच अदासा गाव आहे. तिथल्या गणपतीची मोठी जत्रा माघातली, त्यामुळे आषाढात दर्शन निवांत होते.

आयोजकांना दोन विनंत्या. वाहनतळावर पावसाआधीच मुरूम पसरावा. चिखलावर टाकलेला मुरूम खालीच जातो. बायांसाठी फिरती शौचालये दिंडीच्या वाटेवरही हवीत, नुसती वाहनतळाशी ठेवून भागत नाही. रांगेत उभी असलेली बाई तेवढ्यासाठी परत इतक्या दूर जाऊ शकत नाही.

— एक वाचक, नागपूर